खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर: जायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

आम्ही शिरोळ तालुक्यातले. त्यामुळं पाहुणा आला की एक दिवस नरसोबाची वाडी आणि एक दिवस खिद्रापूर हे ठरलेलंच. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, त्यांचे मित्र, त्यांच्या ऑफिसातले कोण कोण, सगळ्यांचे फोन येतात आणि सगळे तेच विचारतात. दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. थोडं लांबलंय, पण तुम्हाला हवा तेवढाच प्रश्न वाचा.

खिद्रापूर नक्की कुठं आहे? कोल्हापूरला का सांगलीला?

जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ, पण सांगली-मिरज जवळ पडतं. कृष्णा नदी इथं असा काही वळसा घेते की गावाला तीन बाजूंनी पाणीच, आणि पलीकडचा काठ कर्नाटकाचा. मंदिराच्या मागं उभं राहिलं की कधी कधी मोबाईलवर कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज येतो, घाबरू नका, तुम्ही महाराष्ट्रातच आहात. गावात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं, एकाच वाक्यात दोन्ही चाललं तरी कुणाला काही वाटत नाही.

कसं जायचं?

गाडी असेल तर सोपं. कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटर, आधी इचलकरंजी किंवा जयसिंगपूर, मग कुरुंदवाड, तिथनं पुढं खिद्रापूर. वाडीपासून १७-१८ किलोमीटर धरा. रेल्वेनं येणार असाल तर मिरज जंक्शन किंवा जयसिंगपूरला उतरा. एसटीनं यायचं तर कुरुंदवाड स्टँडवर येऊन पुढच्या गाडीची चौकशी करायची, आणि महत्त्वाचं म्हणजे परतीच्या गाडीची वेळ तिथंच विचारून घ्यायची, खिद्रापुरात उतरल्यावर नाही. शेवटची गाडी चुकल्यावर ऊसाच्या ट्रॅक्टरला हात करणारे लोक मी बघितलेत.

ट्रॅक्टरवरनं आठवलं. दिवाळीच्या पुढं-मागं कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग असते. मॅप जो वेळ दाखवेल त्यात वीस-पंचवीस मिनिटं मिळवा आणि अंधार पडल्यावर घाईनं ओव्हरटेक करू नका, ट्रॉलीला मागं लाल दिवा असेलच असं नाही.

वाडीला दर्शनाला येणारच आहोत, जाता जाता खिद्रापूर होईल का?

होईल. पण माझं खरं दुखणं इथंच आहे. लोक वाडीत दोन तास रांगेत थांबतात, अर्धा तास पेढे घेण्यात घालवतात आणि खिद्रापूरला येऊन वीस मिनिटांत स्वर्गमंडपात वर बघून सेल्फी काढून निघतात. मी पण शाळेच्या सहलीत तसंच बघितलेलं, सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही पळालो, मला त्या सहलीतला फक्त बसमधला वडापाव आठवतो. नंतर कॉलेजात असताना एकदा एसटी चुकली म्हणून तीन तास नुसता बसून राहिलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मंदिर दिसलं.

म्हणून सांगतो, कमीत कमी अडीच तास काढा. उलटं करा, सकाळी आधी खिद्रापूर आणि मग जेवायला वाडी.

मग किती वाजता पोचू?

मंदिर पूर्वेकडं तोंड करून आहे, सकाळचं ऊन समोरनं आत येतं. आठच्या आत पोचलात तर तिरप्या उन्हात खांबांवरची नक्षी अशी उठून दिसते की तीच नक्षी दुपारी बारा वाजता सपाट वाटेल. दुसरी वेळ म्हणजे दुपारी चारनंतर, तेव्हा पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर ऊन येतं.

भर दुपार टाळा, विशेषतः एप्रिल-मे. चप्पल बाहेर काढायची असते आणि काळा दगड तापतो म्हणजे तापतोच. एकदा मे महिन्यात आत्याला घेऊन गेलेलो, ती बिचारी सावलीच्या पट्ट्यापट्ट्यातनं उड्या मारत प्रदक्षिणा घालत होती आणि मला शिव्या घालत होती. जाड मोजे बॅगेत टाकले असते तर काम झालं असतं.

स्वर्गमंडप म्हणतात ते काय असतं?

सगळ्यात पुढं, तुम्ही आत शिरता तोच. त्याच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा आहे, साधारण १३ फूट व्यासाची, तिथनं थेट आभाळ दिसतं. त्या गोलाच्या कडेला खाली १२ खांब, आणि अख्ख्या मंडपात मिळून ४८. खांब सगळे एकसारखे नाहीत, काही गोल, काही चौकोनी, काही आठ कोनांचे, आणि एकाच खांबात खाली चौकोन, वर गोल, मग परत कोन असंही आहे.

बरोबर त्या मोकळ्या गोलाच्या खाली जमिनीवर तेवढ्याच मापाची एक अखंड गोल शिळा आहे, तिला रंगशिळा म्हणतात. तिच्यावर उभं राहून आधी वर बघा. गोलाच्या कडेनं कार्तिकेय, गणपती आणि आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांसकट बसवलेत. म्हणजे खाली आपण, वर दिशांचे मालक आणि मध्ये आभाळ. मग समोर बघा, सभामंडपाच्या काळोखातनं थेट गाभाऱ्यातली पिंड दिसते. त्याच जागेवरनं डावीकडं ब्रह्मा आणि उजवीकडं विष्णू दिसतात. एका जागी पाय ठेवून तिन्ही देव. हे कुणी दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

छत पडलंय का? का मुद्दाम उघडं ठेवलंय?

हा प्रश्न विचारला नाही असा पाहुणा अजून आलेला नाही.

गावात विचाराल तर मुद्दाम ठेवलंय, यज्ञाचा धूर बाहेर जायला. अभ्यासकांमध्ये काहीजण म्हणतात की मंडपाचं काम अर्धवट राहिलं, वरचा घुमट चढवायचाच राहिला. पडलंय असं मात्र वाटत नाही, कारण गोलाची आतली कड नीट तासलेली आणि सजवलेली आहे, मोडलेल्या दगडाची कड अशी नसते. माझं मत विचाराल तर, खाली बरोबर तेवढ्याच मापाची शिळा आणि कडेनं दिक्पाल बघितले की अपघातानं असं जुळेल हे पटत नाही. पण मी काही आर्किटेक्ट नाही.

कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर गोलात येतो, खरं का?

बऱ्यापैकी खरं, आणि त्यात चमत्कार नाही, साधा भूगोल आहे. त्रिपुरी पौर्णिमा येते तेव्हा सूर्य दक्षिणेकडं गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून तो तेव्हा उत्तरेकडनं जातो, आणि आपल्या या अक्षांशावर त्याचा अर्थ जवळजवळ डोक्यावरनं. मध्यरात्रीच्या सुमाराला तो गोलात येतो आणि रंगशिळेवर चांदणं पडतं. दरवर्षी अगदी सेंटरला असेल असं नाही, थोडं इकडं तिकडं होतं.

त्या रात्री दिवे लावतात, गर्दी तुफान असते. चांदणं बघायचं का माणसं बघायची हे आधी ठरवून या.

दिवसाचा खेळ पण भारी आहे आणि त्याला गर्दी नसते. हिवाळ्यात दुपारी बाराला जा (बारा टाळा म्हटलं ते उन्हाळ्यासाठी), गोलातनं पडलेला उन्हाचा तुकडा रंगशिळेवर नसतोच, उत्तरेकडच्या खांबांकडं सरकलेला असतो. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथं डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी तो तुकडा शिळेवर बरोबर बसतो, ताटलीवर झाकण बसावं तसा. ऑगस्टात ढग असतात आणि मे मध्ये पाय भाजतात, तेवढं सोसायची तयारी पाहिजे.

हे हेमाडपंती मंदिर आहे ना?

नाही हो. आपल्याकडं काळ्या दगडाचं, चुना न वापरता बांधलेलं कुठलंही देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. कोपेश्वर त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं, बाराव्या शतकातलं. दगडावर दगड खाचा करून बसवायची शुष्कसांधी पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून चालत आलेली. शैली म्हणाल तर कल्याणीच्या चालुक्यांच्या वळणाची, दक्षिणेची आणि उत्तरेची सरमिसळ झालेली, वेसर म्हणतात ती. ऐहोळे-पट्टदकल किंवा लक्कुंडी बघून आला असाल तर नातं लगेच ओळखू येईल.

बांधलं कुणी मग?

शिलाहारांनी. यांच्या तीन शाखा होत्या, त्यातली कोल्हापूर-पन्हाळ्याकडची ही. त्यातल्या गंडरादित्याचं नाव या मंदिराशी जोडलं जातं, काम पुढच्या राजांच्या वेळीही चालू राहिलं. हे राजे महालक्ष्मीला मानणारे, शंकराची देवळं बांधणारे आणि जैन बस्तींनाही, म्हणजे जैन मंदिरांनाही, दानं देणारे.

मंदिरात आत-बाहेर मिळून डझनभर शिलालेख आहेत, नीट वाचता येतील असे थोडेच. एक सोडून सगळे कानडीत. तो एक म्हणजे दक्षिण दरवाज्याजवळ बाहेरच्या भिंतीवरचा, देवनागरी लिपीतला संस्कृत लेख, यादव राजा दुसरा सिंघण याचा, १२१३-१४ च्या सुमाराचा, कोपेश्वराला दान दिल्याचा. आता गंमत बघा, याच सिंघणानं १२१२ च्या आसपास शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याला हरवून हे राज्य घेतलं होतं. म्हणजे राज्य जिंकलं आणि लगेच इथल्या देवाला दान देऊन भिंतीवर तसं कोरून ठेवलं. सत्ता बदलली की नवीन माणसानं आधी गावच्या देवाला नारळ फोडायचा, तेव्हापासूनच.

जाल तेव्हा तो लेख नक्की शोधा. अक्षरं ओळखीची वाटतात, वाचता मात्र येत नाहीत, आणि तरी माणूस दहा मिनिटं भिंतीला डोळे लावून उभा राहतो.

कोपेश्वर नाव कशावरून? आणि नंदी कुठं गेला?

गोष्ट अशी. दक्षानं यज्ञ केला, जावयाला बोलवलं नाही. सती तरी माहेरी निघाली, शंकरानं सोबत नंदीला दिलं. तिथं अपमान झाला, सतीनं यज्ञात देह टाकला, शंकर कोपला. तो कोपलेला शंकर इथं येऊन बसला आणि त्याची समजूत काढायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं, एक कोपेश्वर म्हणजे शंकर आणि एक धोपेश्वर म्हणजे विष्णू. दोन्ही एकत्र पूजेत असलेलं फार कुठं बघायला मिळत नाही.

नंदी सतीबरोबर गेला तो गेलाच. म्हणून इथं गाभाऱ्यासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात येडूरला आहे, वीरभद्राच्या देवस्थानाचं ते गाव. आमची आजी सांगायची, "बाईनं वाहन नेलंय, परत कोण आणणार." शंकराच्या देवळात शिरताना नंदीच्या शिंगांतनं पिंड बघायची आपली सवय, इथं हात उगाच वर जातो आणि समोर नुसती हवा.

खांब एवढे गुळगुळीत कसे? त्या काळी मशीन होतं?

आमचे एक मामा इचलकरंजीत लेथवर काम करायचे. त्यांना आणलं तर त्यांनी देवाला नमस्कार करायच्या आधी खांबावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, "टर्निंग केलंय हे, रिंगा बघ." आणि ते अगदीच चुकीचं नाही. चालुक्य काळातल्या अशा खांबांचे गोल भाग फिरवून, घासून गुळगुळीत करत असावेत असं अभ्यासकही म्हणतात, एकावर एक कड्या रचल्यासारखे गोल चढत जातात आणि कुठं वाकडं नाही. कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी यासाठी मऊ दगड वापरलाय, इथं मात्र आपला सह्याद्रीचा कडक बेसॉल्ट. एवढ्या कडक दगडात हे काढलंय हे डोक्यात ठेवून बघा, मग समजतं.

खांबाच्या खालच्या चौकोनी भागाकडं वाकून बघायला विसरू नका. तिथं छोट्या छोट्या चौकटीत गोष्टी आहेत, रामायण-महाभारतातले प्रसंग आणि पंचतंत्रातल्या कथा. पोरांना घेऊन जाणार असाल तर माकड-मगर आणि हंस-कासव शोधायला सांगा, अर्धा तास शांत राहतील. मोबाईलचा टॉर्च सभामंडपात लागतोच, तिथं उजेड कमी आहे. बाहेरच्या लखलखाटातनं आत आलं की आधी काहीच दिसत नाही, दोन मिनिटं एका खांबाला टेकून थांबा, हळूहळू खांब एकेक करून अंधारातनं पुढं येतात.

बाहेरनं बघताना सुरुवात कुठनं करू?

खालनं. सगळे वर बघत फिरतात, तुम्ही आधी पायाकडं बघा.

तळाशी गजपट्ट आहे, म्हणजे मूळ मंदिराच्या सभोवती हत्तींची रांग, जणू अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवलंय. हत्ती भिंतीतनं अर्धे बाहेर आलेले, समोरनं तोंड आणि पुढचे पाय दिसतात, आणि पाठीवर देव-देवता बसलेल्या. लांबनं एकसारखे वाटतात, पण जवळ जाऊन एकेकाच्या गळ्यातले दागिने बघा, घंटा वेगळी, साखळी वेगळी, झुलीची किनार वेगळी. दक्षिण बाजूला एक हत्ती आहे, सोंड गेलेली, पण कपाळावरच्या मोत्यांच्या माळेतला एकेक मणी अजून मोजता येतो. पावसाचं पाणी त्या मण्यांच्या खोबणीतनं खाली येतं तेव्हा हत्तीला घाम आल्यासारखा वाटतो. हे मी भर पावसात छत्री धरून बघितलंय.

मग वर या. भिंत सरळ नाही, सारखी आत-बाहेर मोडत जाते, वरनं बघितलं तर चांदणीसारखा आकार. त्याचा फायदा असा की दिवसभर कुठल्या ना कुठल्या कोनावर ऊन आणि शेजारी सावली असते, म्हणून मूर्ती उठून दिसतात. त्या कोनाकोनांवर सुरसुंदरी आहेत, कुणी आरशात बघतेय, कुणाच्या पायाशी प्राणी, आणि मधल्या मोठ्या जागांवर देव.

एक फेरी डाव्या हातानं जाताना खालचा थर, दुसरी फेरी वरचा थर, असं मी करतो. लोकांना वाटतं हा नवस फेडतोय.

मूर्तींची नाकं, सोंडा, हात कुणी तोडले?

गावात औरंगजेबाच्या स्वारीचं नाव घेतात. तो त्या वर्षांत या भागात होता हे खरंय, १७०१ साली त्यानं पन्हाळा घेतला. पण सगळं एकाच्याच खात्यावर टाकायचं तर आठशे वर्षांचा पाऊस, पुराचं पाणी आणि आपली माणसं यांना सोडून दिल्यासारखं होईल. हत्तीच्या पाठीवर पोराला बसवून फोटो काढणारे मी स्वतः बघितलेत. बोललो तर म्हणाले, "दगडाचाच आहे की."

पुरात बुडतं का?

हो. पावसाळ्यात वर कोयनेचं, वारणेचं पाणी सुटलं आणि खाली फुगवटा आला की शिरोळ तालुक्याला पळता भुई थोडी. २००५ आणि २०१९ चा महापूर इथं कुणी विसरणार नाही, त्याआधीच्या आणि नंतरच्याही आठवणी आहेत. खिद्रापूरला तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूचा रस्ता पाण्याखाली गेला की गाव बेट होतं आणि मंदिरातही पाणी शिरतं. पूर ओसरल्यावर खांबांवर गाळाची रेघ राहते, किती वर आलं होतं ते त्या रेघेवरनं समजतं.

म्हणून जुलै-ऑगस्टात यायचं असेल तर आधी फोन करून कुणाला तरी विचारा, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळी बातम्यांत येते ती बघा, आणि रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका. देव हजार वर्षं तिथंच आहे, पुढच्या महिन्यात पण असेल.

तिकीट? फोटो? ड्रोन?

तिकीट नाही. मंदिर १९५४ पासून केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे, पण पूजाअर्चा रोज चालते. मोबाईलवर फोटो काढायला कुणी अडवत नाही, गाभाऱ्यात काढू नका. ट्रायपॉड किंवा ड्रोन आणायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, तिथं येऊन वाद घालू नका. प्री-वेडिंगवाल्यांनो, हे तुम्हाला पण लागू.

गाईड मिळतो का?

कधी मिळतो, कधी नाही. मिळाला तर घ्या, गावातल्या माणसाला बारीकसारीक जागा माहीत असतात. फक्त "हे नासाला पण समजलं नाही" असं सुरू झालं की हसून पुढं चला. आम्हाला एकदा एकानं अख्ख्या मंदिराखाली कोल्हापूरपर्यंत भुयार आहे असं सांगितलं, मधे पंचगंगा लागते त्याचं काय करायचं ते नाही सांगितलं.

गावात अजून काही बघण्यासारखं?

जैन बस्ती, आदिनाथांची. कोपेश्वरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि जवळपास त्याच काळातली. नव्वद टक्के लोक तिकडं फिरकत नाहीत. कोपेश्वर बघून लगेच गेलात तर खांबांची आणि दारांच्या चौकटींची घडण त्याच हातांची वाटते, देव वेगळे, कारागीर तेच असणार. जैन कुटुंबं या पट्ट्यात भरपूर आहेत, बस्ती जागती आहे, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवून आत जा.

आणि घाटावर जाऊन बसा. पलीकडं जुगूळ, कर्नाटक. संध्याकाळी म्हशी पाण्यात आणि पोरं म्हशींवर.

इथं मोठी लढाई झालेली म्हणतात, ते काय?

कोप्पमची लढाई, १०५४. चालुक्य सोमेश्वर पहिला आणि चोळ राजाधिराज यांच्यात. राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि त्याच्या भावानं, राजेंद्रानं, रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला. ते कोप्पम म्हणजे हेच खिद्रापूर असं काही इतिहासकार म्हणतात, काहीजण ते कर्नाटकात दुसरीकडं दाखवतात. आमच्या गावाकडचे लोक अर्थातच पहिल्या पार्टीत.

म्हाताऱ्या माणसांना जमेल का?

जमेल. गाडी जवळपर्यंत जाते, डोंगर चढायचा नाही. उंबरे उंच आहेत आणि आत अंधार, तेवढा हात धरा. व्हीलचेअर आतपर्यंत नेणं अवघड.

खायचं काय? राहायचं कुठं?

खिद्रापुरात चहा, भजी, उसाचा रस, नारळपाणी यावर भागवायचं. जेवण वाडीत किंवा कुरुंदवाडला. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घ्यायची, ती बर्फी आंबटगोड असते, पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल पण दुसरा मागाल. कृष्णाकाठची वांगी हा तर वेगळाच विषय आहे. हिवाळ्यात वाडीच्या बाजारात ढीग लागलेले असतात, बी कमी आणि चव गोड, भरलं वांगं करा नाहीतर भरीत. जाताना जयसिंगपूरचं भडंग घ्यायला विसरलात तर घरचे विचारतील.

मुक्कामाला वाडीत भक्तनिवास आणि लॉज आहेत, जरा बरं हॉटेल पाहिजे तर सांगली किंवा कोल्हापूर. गुरुवार आणि पौर्णिमेला वाडीत खोली मिळेल या भरवशावर येऊ नका.

कुठल्या दिवशी येऊ नये?

महाशिवरात्र, श्रावणातले सोमवार आणि त्रिपुरी पौर्णिमा, जर तुम्हाला नक्षी बघायची असेल तर. दर्शनासाठी येणार असाल तर हेच दिवस खरे. मधल्या वारी, मंगळवार-बुधवार सकाळी, कित्येकदा मंडपात आपण, पुजारी आणि कबुतरं एवढेच असतात.

येडूरला जाऊन नंदी बघायलाच पाहिजे का?

पाहिजेच असं नाही, गाडीनं फिरून जावं लागतं आणि दिवस मोठा होतो. पण आमची आई दरवेळी जायचीच. खिद्रापुरात पिंडीवर वाहिलेल्या बेलातलं एक पान पदराच्या गाठीत बांधून घ्यायची आणि येडूरला नंदीसमोर ठेवायची. कशाला म्हणून विचारलं की म्हणायची, "तिकडची खुशाली नको का कळायला त्याला."